खरखर गेली, पण...

अमेरिकेत पोलिसांचे, अग्निशमन दलाचे बोलणे हातातल्या स्कॅनरवर ऐकण्याचा छंद जुना आहे. पूर्वी सारे अॅनालॉग. सिग्नल क्षीण झाला की खरखर वाढे, पण कान मधले शब्द जुळवून घेई. शॉर्टवेव्हवर बातम्या ऐकलेल्यांना हे सांगायला नकोच!

मग 'प्रोजेक्ट २५' ही डिजिटल पद्धत आली. तीत आवाज सेकंदाला ४४०० बिटांत दाबून बसवतात. त्यामुळे शब्द एकतर स्वच्छ, नाहीतर गुळण्या केल्यासारखा. गंमत म्हणजे रेंज फुल्ल असूनही आवाज तुटे. अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच बोलणे एकदम पाठवतात. लहरी किंचित मागेपुढे पोचून एकमेकींत मिसळतात. युनिडेनचा २०१४ चा 'बीसीडी४३६एचपी' एरवी चांगला, पण इथे अडखळे. त्याच कंपनीच्या २०१८ च्या 'एसडीएस१००'ने नुसते फ्रिक्वेन्सीतले चढउतार न पाहता लहरीचे पूर्ण रूप टिपले, आणि हा गोंधळ बराच निस्तरला. एकाच मनोऱ्याच्या गावात मात्र जुनाच पुरे, असे माझे मत.

पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपले बोलणे सांकेतिक करायला सुरुवात केली. तिथे भारीतला भारी स्कॅनरही मुका.