अजिंठ्याच्या लेण्यांतील प्रकाशयोजना
अजिंठा (छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद, जिल्हा) येथील लेण्यांतील भित्तिचित्रे प्रेक्षकांना दिसावीत, परंतु प्रकाश व त्याबरोबर येणारी उष्णता यांनी ती बिघडू नयेत, यासाठी वेळोवेळी करण्यात आलेली व्यवस्था. वाघोरा नदीच्या नालाकृती दरीतील या लेण्यांपैकी चैत्यगृहांना दर्शनी बाजूस मोठे गवाक्ष असल्याने तेथे उजेड बराच आत पोहोचतो. विहारांत मात्र तो केवळ दारा-खिडक्यांतून येतो आणि मागील भिंतीपर्यंत जाता जाता क्षीण होतो. नेमकी विख्यात चित्रे क्र. १, २, १६ व १७ या विहारांत आहेत. एवढ्या अंधुक जागी चित्रकारांनी काम कसे केले, याविषयी केवळ तर्क आहेत. आरसे, पांढरे कापड किंवा जमिनीवर साठविलेले पाणी यांच्या साहाय्याने ऊन आत वळविले असावे, असे सांगतात. तेलाचे दिवेही वापरले असणारच.

जॉन स्मिथ याला १८१९ मध्ये ही लेणी आढळली. पुढे रॉबर्ट गिल (१८४४ पासून) व जॉन ग्रिफिथ्स (१८७२–८५) यांनी चित्रांच्या प्रतिकृती केल्या. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर रोगण लावले गेले. १९२० नंतर निजामाच्या संस्थानाने बोलाविलेल्या इटालियन तज्ञांनीही लाखेचा उपयोग केला. कालांतराने हे थर पिवळे-तपकिरी पडले. त्यामुळे चित्रे काळवंडलेली दिसत आणि अधिक उजेडाची मागणी होई. वस्तुतः दोष उजेडाचा नव्हता.

विसाव्या शतकात विजेचे दिवे आले. त्यांसाठी प्रवाशांकडून काही काळ वेगळे शुल्क घेतले जाई. साध्या तापदीप्त दिव्यांनी भिंत तापते, तर नळीदिव्यांतून थोडे जंबुपार किरण बाहेर पडतात. अजिंठ्याचे रंग मुख्यतः खनिज असल्याने ते सहसा विटत नाहीत. परंतु रंग धरून ठेवणारा डिंक वा सरस आणि मातीच्या गिलाव्यातील वनस्पतिज तंतू हे नाजूक असतात. दिव्यांकडे कीटकही येतात. दिवे व गर्दी यांचा परिणाम किती दूरवर जातो, हे फ्रान्समधील लास्को गुहेत दिसून आले. तेथे भिंतींवर हिरवे शैवाल वाढल्याने १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद करावी लागली.

पुढे अजिंठ्यात प्रकाशीय तंतूंची योजना करण्यात आली. तीत दिवा चित्रापासून दूर ठेवतात, अवरक्त व जंबुपार किरण गाळून घेतात व केवळ शीतल प्रकाश काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तंतूंतून भिंतीपर्यंत नेतात. नाजूक चित्रांसाठी संग्रहालयांत साधारणतः ५० लक्स ही मर्यादा मानतात. उघड्या उन्हातून एकदम आत आलेल्या माणसाला एवढ्या उजेडात प्रथम काहीच दिसत नाही. डोळे सरावण्यास काही मिनिटे लागतात व मार्गदर्शक तेवढा वेळ क्वचितच देतो. प्रकाशाने होणारी हानी त्याची तीव्रता व काल यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. त्यामुळे दिवा किती मंद आहे याइतकेच तो केव्हा मालवला जातो, याला महत्त्व असते. झोतदिव्याने छायाचित्रे घेण्यास मनाई करण्यात आली आणि चित्रित विहारांत एका वेळी ४० प्रेक्षकच सोडण्याचे बंधन घालण्यात आले.

वरील चार विहारांच्या पूर्णाकार प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र लेण्यांपासून काही किमी. अंतरावर २०१३ मध्ये खुले झाले. तेथे हवा तेवढा उजेड पाडता येत होता; परंतु वीज व पाण्याची देयके थकल्याने काही वर्षांतच ते बंद पडले.