लाथ, निकाल आणि शिक्षा : अहिल्यानगरच्या आखाड्यातील एक जुना प्रश्न

#थ्रेड #महाराष्ट्रकेसरी #कुस्तीचाइतिहास

१/
२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरचे वाडिया पार्क. महाराष्ट्र केसरी किताबासाठी गादी विभागातील निर्णायक लढत, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी शिवराजला चितपट घोषित केले. ‘माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत पाहा’, असा शिवराजचा आक्षेप होता. वाद चिघळला आणि त्या भरात शिवराजने पंचांना लाथ मारली.

२/
त्याच संध्याकाळी किताबाची अंतिम लढत झाली. तीत माती विभागाचा विजेता महेंद्र गायकवाड गुणांच्या निर्णयावर नाराज होऊन, अखेरची काही सेकंदे उरली असताना, आखाडा सोडून गेला. पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाने लगोलग शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली.

३/
पुढचे अनेक दिवस पाथर्डीपासून कोल्हापूरपर्यंत पारावर, तालमीत आणि मोबाइलच्या पडद्यावर एकच चर्चा होती. एक पक्ष म्हणे, पंचावर पाय उचलणाऱ्याला क्षमा नाही. दुसरा म्हणे, आधी निकाल तपासा, मग पैलवानाला शिक्षा द्या. तिसऱ्याचे म्हणणे असे की, खरे दोषी पैलवानही नाहीत आणि पंचही नाहीत. कुस्ती चालवणाऱ्या संस्थाच दोषी आहेत. दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांनी तर आपल्या दोन्ही गदा परत करण्याची घोषणा केली.

४/
हा वाद केवळ एका लाथेचा नाही. खेळात अपराध घडला की शिक्षा कोणाला व्हावी, व्यक्तीला की संस्थेला? आणि संस्थेला झालेली शिक्षा प्रत्यक्षात कोण भोगतो? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो आपल्या गावच्या हगाम्यापासून पाहू.

५/
आपल्या भागात यात्रेचा शेवट हगाम्याने होतो. रेवडीवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात आणि मोठ्या इनामाच्या कुस्तीने सांगता. येथे गुणफलक नसतो. पाठ लागली की कुस्ती निकाली. नाही लागली तर पंच बरोबरीत सोडवतात. निकाल डोळ्यांसमोर घडतो आणि रिंगणाभोवती बसलेले सारे गाव त्याचे साक्षीदार असते. पंच चुकला तर गाव तिथल्या तिथे बोलते. दोन पैलवान संगनमताने नुरा कुस्ती खेळले, तर त्यांची शिक्षाही तिथेच ठरते : इनाम नाही आणि पुढच्या वर्षी आमंत्रणही नाही.

६/
या न्यायात दोष होतेच. गावकीचे वजन, पुढाऱ्यांची भीड, आपल्या तालमीचा अभिमान हे सारे त्यात मिसळलेले असे. पण त्याचा एक गुण नोंदवला पाहिजे. अपराध, अपराधी आणि शिक्षा ही तिन्ही एकाच रिंगणात राहत. मढीच्या यात्रेत कोणी नुरा कुस्ती खेळला म्हणून मोहट्याच्या पोराची कुस्ती बंद होत नसे.

७/
१९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. मामासाहेब मोहोळ हे त्या घडणीतले अग्रणी. १९६१ मध्ये औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. पुढे मामासाहेबांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा हे प्रत्येक तालमीतल्या पोराचे स्वप्न बनले. कुस्तीला नियम मिळाले, वजनगट मिळाले, प्रमाणपत्रे मिळाली. गावच्या पंचांच्या जागी प्रशिक्षित पंच आले आणि शिक्षेचा अधिकार संस्थेकडे गेला.

८/
मातीबरोबर गादी आली तसा निकालाचा स्वभावही बदलला. आता एका गुणावर वर्षभराची मेहनत ठरते. खांदे टेकले की नाही, ताबा कोणाचा होता, पाय रेषेबाहेर गेला का, हे सारे क्षणार्धात ठरवायचे असते. पंचाचा अधिकार जितका सूक्ष्म झाला, तितकी त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची वाट रुंद व्हायला हवी होती.

९/
येथे खाशाबा जाधवांची आठवण अपरिहार्य आहे. १९५२ च्या ऑलिंपिकपूर्वी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. फेरचाचणी झाली आणि तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. त्याच वर्षी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

१०/
या प्रसंगात शिक्षा कोणालाच झाली नाही. झाली ती निकालाची दुरुस्ती. तक्रार वेळेत ऐकली गेली म्हणून गोळेश्वरचा पैलवान हेलसिंकीला पोहोचला. मात्र यात एक बोचरी बाबही आहे. ती दाद एका महाराजांच्या मर्जीवर अवलंबून होती. ज्याला महाराज भेटले नाहीत, अशा पैलवानाचे नाव इतिहासात सापडत नाही.

११/
आता पुन्हा अहिल्यानगरकडे येऊ. बंदीनंतर चौकशी समिती नेमली गेली. तिने त्या लढतीतला पंचांचा निर्णय चुकीचा ठरवला आणि पंचांवरही निलंबनाची कारवाई झाली. किताब मात्र बदलला नाही. आणि त्यात जिंकलेल्या पैलवानाचा काही दोषही नव्हता. घटनाक्रम पाहा : आधी पैलवानांना शिक्षा, मग निकालाची तपासणी. लाथ समर्थनीय नाहीच. पण ज्या क्रमाने न्याय झाला, तोच क्रम लोकांच्या मनात सलत राहिला.

१२/
तिसऱ्या पक्षाचे म्हणणे समजून घ्यायचे तर २०२२ मध्ये जावे लागेल. त्या वर्षी भारतीय कुस्ती महासंघाने जुनी राज्य परिषद बरखास्त केली आणि वाद न्यायालयात गेला. राज्यात परिषद व संघ अशा दोन चुली झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले : फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. वाडिया पार्कच्या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च २०२५ मध्ये, याच जिल्ह्यातील कर्जतला दुसरी स्पर्धा झाली आणि वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. एक जिल्हा, एक हंगाम, दोन गदा.

१३/
मग संस्थेलाच शिक्षा केली तर? तोही प्रयोग झाला आहे. वेळेत निवडणुका न घेतल्याबद्दल जागतिक कुस्ती संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय महासंघाला निलंबित केले. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मल्ल तिरंग्याविना, तटस्थ खेळाडू म्हणून उतरले. अंतिम पंघालने कांस्यपदक जिंकले, पण तेही त्या तटस्थ ध्वजाखाली. निवडणुका रखडल्या त्या पदाधिकाऱ्यांच्या. ध्वज गेला तो मुलीचा.

१४/
अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलला आपल्याकडच्या कुस्तीसारखाच गावोगावचा अभिमान चिकटलेला आहे. टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात खेळाडूंना चोरून पैसे दिले जात. १९८७ मध्ये तेथील क्रीडा नियामक संस्थेने त्या संघाचा संपूर्ण हंगामच रद्द केला. तेथे या शिक्षेला ‘मृत्युदंड’ म्हणतात. पैसे देणे चालू ठेवण्याचा निर्णय आपल्याला ठाऊक होता, अशी कबुली विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष बिल क्लेमेंट्स यांनी दिली. तेव्हा ते टेक्सासचे राज्यपाल होते आणि पदावर कायम राहिले. संघ मात्र पुढची वीस वर्षे सावरला नाही.

१५/
पेन स्टेट विद्यापीठाचे प्रकरण याहून कितीतरी गंभीर. तेथील माजी सहायक प्रशिक्षकाने मुलांवर लैंगिक अत्याचार केले आणि वरिष्ठांनी डोळेझाक केल्याचा ठपका आला. २०१२ मध्ये सहा कोटी डॉलर दंड, चार वर्षे हंगामोत्तर सामन्यांना बंदी आणि जुने ११२ विजय रद्द, अशी शिक्षा झाली. २०१५ मध्ये ते विजय परत बहाल करण्यात आले. चाहते वर्षानुवर्षे विजयांच्या आकड्यावर भांडले. पीडित मुलांविषयी त्यामानाने कमी बोलले गेले. शिक्षेची चर्चा किती सहज भरकटते, याचे हे उदाहरण.

१६/
या साऱ्यातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली : पंचाच्या अंगावर जाणाऱ्याला शिक्षा हवीच, नाहीतर उद्या कोणी पंच आखाड्यात उभा राहणार नाही. दुसरी : ज्या निकालातून वाद उद्भवला, त्याची तपासणी शिक्षेच्या आधी, निदान तिच्याबरोबर व्हावी. तिसरी : संस्था दोषी असेल तर दंड पदांना व्हावा, खुर्च्यांना व्हावा, पैलवानाच्या प्रमाणपत्राला नव्हे.

१७/
कारण पैलवानाकडे भांडवल एकच असते, वय. पदाधिकाऱ्याची तीन वर्षे म्हणजे एक कार्यकाळ. पैलवानाची तीन वर्षे म्हणजे कदाचित सारी कारकीर्द. शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाकडे डोळे लावून पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या पोराला, कोणत्या संघटनेचे प्रमाणपत्र उद्या ग्राह्य धरले जाईल, याची चिंता करावी लागते. त्याने ना कोणाला लाथ मारली, ना कोणता निकाल दिला.

१८/
हगाम्याच्या रिंगणात शिक्षा अपराध्यापाशीच थांबत असे. संस्थांच्या कुस्तीत ती पाझरत खाली येते आणि तालमीतल्या सर्वांत धाकट्या पोरापर्यंत पोहोचते. ती वरच्या वर अडवणे, ही नियम लिहिणाऱ्यांची जबाबदारी आहे.

आपल्या गावच्या हगाम्यात वादग्रस्त कुस्तीचा निवाडा कसा होत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून अवश्य लिहा. तो इतिहास कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

(समाप्त)