रडारवरचा ठसा : मोजमाप जवळून, हिशेब दूरचा

मुंबई : माझगाव डॉकमध्ये बांधलेली १४९ मीटर लांबीची युद्धनौका ‘आयएनएस निलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. ‘प्रकल्प १७ अ’ मालिकेतील या पहिल्या नौकेची रचना रडारला कमीत कमी दिसेल अशी करण्यात आली आहे. हे ‘कमीत कमी’ म्हणजे नेमके किती, हे ठरवणे मात्र सोपे नाही.

क्रॉस सेक्शन म्हणजे काय?

रडारकडून आलेल्या लहरींपैकी किती लहरी वस्तू त्याच दिशेने परत पाठवते, याचे माप म्हणजे ‘रडार क्रॉस सेक्शन’. ते चौरस मीटरमध्ये सांगतात. पण वस्तूच्या प्रत्यक्ष क्षेत्रफळाइतके ते असतेच असे नाही. आकार, साहित्य, दिशा आणि तरंगलांबी यांनुसार ते बदलते. रडारचा पल्ला या मापाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात असल्याने तो निम्मा करायचा तर हे माप सोळाव्या हिश्श्यावर आणावे लागते. एवढी घट साधली की नाही, हे मोजूनच कळते.

अंतराची अडचण

या मापाच्या व्याख्येत रडार अतिशय दूर असल्याचे गृहीत धरले आहे. तेथून येणारी लहर वस्तूपाशी जवळजवळ सपाट असते. त्यासाठीचे किमान अंतर काढताना लांबीचा वर्ग दुप्पट करून त्यास तरंगलांबीने भागतात. ३ सेंटिमीटर तरंगलांबीसाठी १३.२ मीटर लांबीच्या ‘तेजस’ विमानाकरिता हे अंतर सुमारे ११.६ किलोमीटर, तर ‘निलगिरी’करिता सुमारे १,४८० किलोमीटर येते. मुंबई-दिल्ली हवाई अंतरही याहून कमी आहे. एवढ्या अंतरावरची नौका क्षितिजाखाली जाते.

जवळून मापन

यावर उपाय म्हणून परावर्तित लहरी जवळूनच नोंदवतात. विमान किंवा त्याची प्रतिकृती फिरत्या मंचावर ठेवतात. नौका समुद्रात वर्तुळाकार फिरवता येते. प्रत्येक कोनात, अनेक वारंवारितांवर, परतलेल्या लहरीची तीव्रता आणि कला, म्हणजे तिच्या चढ-उताराची अवस्था, नोंदवली जाते. फूरिये रूपांतरावर आधारित गणिताने या नोंदींतून वस्तूवरील ‘चमकत्या’ बिंदूंची प्रतिमा तयार होते. जवळच्या लहरीच्या वक्रतेची दुरुस्ती करून या बिंदूंचे योगदान पुन्हा एकत्र केले की दूरच्या रडारला मिळणारा प्रतिसाद काढता येतो. ३० किलोमीटरवरील रडारला नौका कशी दिसेल, हेही याच नोंदींतून सांगता येते.

विश्वासार्हता

मापन पडताळण्यासाठी धातूचा गोल वापरतात. तरंगलांबीच्या तुलनेत मोठ्या गोलाचे माप त्याच्या वर्तुळाकार छेदाइतके असते; ०.५६ मीटर त्रिज्येच्या गोलाचे माप सुमारे १ चौरस मीटर भरते. वस्तू नसतानाचे परावर्तनही नोंदवून वजा केले जाते.

तरीही मर्यादा राहतात. वस्तू म्हणजे स्वतंत्र बिंदूंचा समूह, असे या पद्धतीत मानले जाते. इंजिनाच्या हवा-मार्गासारख्या पोकळीत किंवा दोन पृष्ठभागांच्या कोपऱ्यात लहर अनेकदा आपटून परतते, तेव्हा हे गृहीतक ढासळते. नेमक्या याच जागा रडारला ठळक दिसत असल्याने तेथील चूक महागात पडू शकते.

म्हणूनच ‘क्रॉस सेक्शन इतके चौरस मीटर’ असा एकच आकडा अपुरा ठरतो. कोणत्या तरंगलांबीवर, कोणत्या दिशेने आणि किती अंतरासाठी तो काढला, हे कळल्याखेरीज दोन नौकांची वा विमानांची तुलना करता येत नाही.