निपाणीची तंबाखू आणि सहकार

देवस्थानचा कारभार महाजन एकत्र बसून पाहतात. शेतमालाच्या बाबतीत हेच तत्त्व म्हणजे सहकार होय. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला व १९०५ मध्ये गदगनजीक कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था स्थापिली. कर्जाची सोय झाली, तरी विक्रीची दोरी व्यापाऱ्यांच्याच हाती राहिली. बोरगाव-निपाणी भागातील अल्पभूधारक निकडीपोटी पडेल त्या भावास विडीची तंबाखू देई. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखला; ६ एप्रिल रोजी गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. सामाईक वखार, चोख वजन आणि मालावर उचल मिळाल्यास लहान शेतकरी भावासाठी थांबू शकतो. एकोप्याचे हे मोल महाजनांस सांगणे नलगे.