सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

‘सार्वजनिक’ हा शब्द मराठी माणूस दिवसातून किती वेळा उच्चारतो याची कोणी मोजदाद केलेली नाही. पण तो ज्या ज्या वस्तूंना चिकटला आहे त्यांची यादी मनाशी केली की थोडे खट्टू व्हायला होते. सार्वजनिक नळ, सार्वजनिक मुतारी, सार्वजनिक दवाखाना, सार्वजनिक जिना. यांतला जिना घ्या. प्रत्येक बिऱ्हाडाचा उंबरठा लख्ख पुसलेला असतो, दारात रांगोळी असते, आणि उंबरठ्याच्या पलीकडे चार बोटांवर पानाची पिचकारी असते. ती पिचकारी टाकणारा गृहस्थ घाणेरडा असतो असे नाही. स्वतःच्या घरात तो चूळसुद्धा जपून भरतो. उंबरठ्याबाहेर जे सुरू होते ते कोणाचेच नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि त्या ‘कोणाचेच नाही’ला आपण भाषेत ‘सार्वजनिक’ म्हणतो. वस्तुतः शब्दाचा अर्थ याच्या अगदी उलट आहे. जे सर्व जनांचे ते सार्वजनिक. मग सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा उलटा प्रवास झाला कसा? मला वाटते, या प्रवासाचा थोडा इतिहास पाहण्यासारखा आहे. कारण एक काळ असा होता की हा शब्द महाराष्ट्रात नवा कोरा होता आणि लोक त्याच्यासाठी कोर्टकचेऱ्या करीत होते.

जुन्या व्यवहारात या शब्दावाचून अडत नव्हते. वस्तू सरकारी असे, देवस्थानची असे, गावकीची असे, किंवा खाजगी असे. गावकी हा शब्द ऐकायला गोड लागतो आणि त्याच्याविषयी हळवे होण्याची आपल्याकडे फॅशनही आहे. तिच्यात खरोखर चांगले होते ते कबूल केलेच पाहिजे. नाशिक-धुळे भागात पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाणी वाटून घेण्याची जी फड पद्धती चालत आली, ती याचा उत्तम नमुना. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाटातला गाळ काढायची वेळ आली की ज्याची ज्याची जमीन भिजते त्याने आपला वाटा उचलायचा. येथे हक्क आणि काम हे एकाच दोरीचे दोन पीळ होते. गाळ काढायला न येणाऱ्याला पाण्यावर बोलायला तोंड नसे. पण हीही गोष्ट विसरता येत नाही की फडात ज्याची जमीन नाही, त्याचा पाटाशी संबंध मजुरीपुरता. गावकीचा पाणवठा म्हटला की तो गावातल्या काहींचा असे. उरलेल्यांनी ओढ्याच्या खालच्या अंगाला जायचे किंवा कोणी वरून ओतील याची वाट पाहत बसायचे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजहून नळ आणला आणि शहरात हौद भरू लागले. स्थापत्य म्हणून ते काम आजही मान डोलवावी असे आहे. त्या हौदांवर कोणाची घागर बुडावी आणि कोणाची बुडू नये, याचा निर्णय मात्र गवंड्याकडे नव्हता.

अशा समाजात ‘सार्वजनिक’ हा संस्कृत घडणीचा शब्द रस्त्यावर उतरला तो एका देवस्थानाच्या भांडणातून, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. पर्वती संस्थानचा कारभार पंचांकडे होता आणि त्या कारभाराविषयी पुणेकरांच्या तक्रारी होत्या. तक्रार करणाऱ्याला सरकार-दरबारी नेहमी एक प्रश्न विचारला जातो: तुम्ही बोलता ते कोणाच्या वतीने? या प्रश्नावर बहुतेक माणसे चिडतात किंवा गप्प बसतात. गणेश वासुदेव जोशी या वकिलाने त्याचे वकिली उत्तर दिले. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि तिचा नियम असा की जो सभासद होऊ इच्छितो त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. ९५ सभासदांनी मिळून सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारी आणली. औंधचे पंतप्रतिनिधी पहिले अध्यक्ष झाले.

या मुखत्यारपत्राकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. मतदानाचा हक्क ही गोष्ट जेव्हा सामान्य माणसाने ऐकलीही नव्हती, तेव्हा पुण्याच्या पेठांतून एक गृहस्थ कागद घेऊन दारोदार हिंडतो आहे, माझ्या वतीने बोलायचा तुला अधिकार आहे असे लिहून घेतो आहे, हे दृश्य मला आपल्या राजकीय इतिहासातल्या पुष्कळ गाजलेल्या प्रसंगांहून मोलाचे वाटते. पन्नास माणसे ही संख्याही पाहा. पन्नास जणांना माणूस चेहऱ्याने ओळखू शकतो. रस्त्यात गाठ पडली तर ‘काय हो, आमच्या कामाचे काय झाले?’ असे त्यांच्यातला कोणीही विचारू शकतो, आणि विचारणाऱ्याला टाळायला गल्ली सापडत नाही. लाखोंचा प्रतिनिधी असणाऱ्याला ही अडचण राहत नाही.

जोशी यांना लोकांनी ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले. माणसाचे आडनाव मागे पडून एक विशेषणच त्याचे नाव व्हावे, असे उदाहरण मराठीत दुसरे मला चटकन आठवत नाही. त्यांनी १८७२ च्या जानेवारीत देशी कापडच वापरण्याची प्रतिज्ञा केली, स्वतः सूत कातले, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात सभेचे मानपत्र घेऊन गेले ते जाडीभरडी खादी अंगावर घालून. संस्थानिकांच्या किनखापात तो पोशाख कसा दिसला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. १८७६ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे पाठवून माहिती गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. या कामामागे न्यायमूर्ती रानडे यांची बुद्धी होती. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र घ्यायलाही काका पुढे झाले. त्या काळी तसे करायला छाती लागत होती. पुढच्याच वर्षी ते वारले.

असे असले तरी सभेच्या नावातल्या ‘सर्व’ या अक्षरांचा हिशेब पुण्यातच एक माणूस मागत होता. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. तो हौद खाजगी होता हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्यांना सार्वजनिक म्हणता आले असते ते हौद बंद, आणि एका घरमालकाचा हौद सर्वांचा! सार्वजनिक सभेत शेतकरी कोठे आहे, महार-मांग कोठे आहेत, हा जोतीरावांचा प्रश्न होता, आणि त्यांच्या लेखनात या सभेवर बोचरे फटकारे आहेत. सभेने शेतकऱ्यांसाठी केलेले काम पाहता हे फटकारे सर्वस्वी न्याय्य होते असे मला म्हणवत नाही. पण मुखत्यारपत्रावर सह्या करणाऱ्यांत त्यांचा माणूस नव्हता हे त्यांचे म्हणणे खोडून काढणेही अवघड आहे.

१८७६ पासून सहा-सात वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेने एक हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला तेव्हा विरोधी मत एकट्या फुल्यांचे पडले. हा कराचा पैसा आहे, तो शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांना सरकारने नेमले होते, तरी ते सरकारच्या बाजूने बोलले नाहीत. त्यांच्यापाशी कोणाचे मुखत्यारपत्र नव्हते, तरी ज्यांच्याकडे सही करायला अक्षर नव्हते त्यांच्या वतीने ते बोलले. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्यावर डाव्या हाताने लिहिलेल्या त्यांच्या अखेरच्या ग्रंथाचे नाव ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. तो १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ज्या शब्दाशी उभा जन्म भांडण केले तोच शब्द त्यांनी आपल्या पुस्तकाच्या कपाळी लावला, यात मला त्यांची जिद्द दिसते.

पुढे १८९३-९४ पासून गणपती सार्वजनिक झाला. त्याचा आरंभ कोणी केला या वादात मी शिरत नाही. दरवर्षी भाद्रपदात तो वाद आपोआप उगवतो आणि मूर्तीबरोबर विसर्जित होतो. लोक एकत्र आले, मेळे निघाले, राजकारण घराबाहेर आले, हे सर्व खरे. पण १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांचे सहकारी यांनी साधा सवाल टाकला. वर्गणी घेताना तुम्ही जात विचारीत नाही, मग पूजेच्या वेळी का विचारता? अस्पृश्य माणसाने आणलेली फुले पुजाऱ्याच्या हातून मूर्तीवर जावीत, अशी काहीतरी तडजोड निघाली. वर्गणी सार्वजनिक, पूजा खाजगी, ही वाटणी त्या दिवशी उघडी पडली. हल्लीच्या मंडळांत ही वाटणी निराळ्या रूपात दिसते. वर्गणी सर्वांकडून घेतात, कर्णा सर्वांच्या कानांत वाजतो, रस्ता सर्वांचा अडतो. हिशेब मात्र कोण्या एकाच्या खिशात असतो. सगळ्याच मंडळांविषयी मी हे म्हणत नाही. ज्यांनी रक्तपेढ्यांना रक्त दिले, पुरात भाकऱ्या पोचवल्या, त्यांना हे लागू नाही, आणि त्यांना रागही येणार नाही.

या शब्दाची खरी परीक्षा झाली ती महाडला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर सर्व यथास्थित झाले आणि तळ्यावर काहीच बदलले नाही. तीन वर्षे कोणी अस्पृश्य तेथे पाणी भरू शकला नाही. मुसलमान पाणी भरीत होते, ख्रिस्ती भरीत होते, गुरेढोरे पीत होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर परिषदेतल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, आणि १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य घालून तळे शुद्ध करण्यात आले. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

मग डिसेंबरात दावा लागला, आणि या दाव्यातला युक्तिवाद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. वादींचे म्हणणे, तळे सार्वजनिक नाहीच. ते भोवतालच्या स्पृश्यांच्या मालकीचे. म्हणजे इतकी वर्षे ज्याची डागडुजी, ज्याची देखभाल नगरपालिकेच्या गळ्यात होती, ते तळे पाणी पिण्याचा प्रश्न निघताच खाजगी झाले! मालकीचा मुद्दा टिकला नाही तेव्हा अनादी वहिवाटीचा आधार घेतला गेला. महाड, ठाणे असे करीत खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला की अशी वहिवाट सिद्ध होत नाही. एक ओंजळ पाणी ‘सार्वजनिक’ ठरवायला तीन दिवस कमी दहा वर्षे लागली.

आता मला आरंभीच्या जिन्याकडे बोट दाखवायचे आहे. माझे मत असे की हे दोन्ही रोग एकाच जातीचे आहेत. ज्या समाजाने सर्वांची वस्तू वापरताना ‘सर्व’ कोण हे मोजूनमापून ठरवले, त्याला ती वस्तू राखतानाही सर्व म्हणजे आपण असे वाटले नाही. झाडायचे काम जन्मानेच दुसऱ्या कोणाला लावून दिले असल्यावर केर टाकणाऱ्याला लाज वाटावी कशाची? नागरिकशास्त्राची पुस्तके शाळेतून शिकवली, दंड लावला, भिंतीवर देवांच्या फरशा बसवल्या. या शेवटच्या उपायाने थुंकणे थांबते खरे, पण फरशी संपते तेथे ते पुन्हा सुरू होते.

हे कोडे ज्याने नीट ओळखले होते तो माणूस फारसा शिकलेला नव्हता. गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. कोणाला भेटायचे नाही, काही मागायचे नाही. वेशीपासून झाडायला लागायचे. थोड्या वेळाने गावातली माणसे ओशाळून हातात झाडू घेत. रात्री कीर्तन. त्यात बाबा लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. लोकांच्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या; पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी त्यांनी त्यांत कोपराही ठेवला नाही.

१९५६ च्या डिसेंबरात, आंबेडकरांच्या मागून दोनच आठवड्यांनी, बाबा गेले. २०००-०१ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावांनी चढाओढीने रस्ते झाडले, शौचालये बांधली, भिंती रंगवल्या, बक्षिसे घेतली. पुष्कळ गावांचे रूप पालटले हे मान्य केले पाहिजे. फरक एवढाच की अभियानाच्या तपासणीला समिती येई, आणि ती येणार हे गावाला आधी ठाऊक असे. बाबा आगाऊ कळवून येत नसत.