बोलण्याआधी कान

मूल बोलत नसलं की आपण म्हणतो, “याचा बापही उशिराच बोलला.” पण जे कानी पडत नाही, ते तोंडी कुठून येणार?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक बहिरे झाले. त्यांच्यासाठी रेमंड कारहार्ट यांनी कान तपासून श्रवणयंत्र जुळवण्याची पद्धत बसवली. युद्धानंतर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी हे शास्त्र शिकवलं. आपल्याकडे १९६०च्या दशकात मुंबईचं नायर रुग्णालय आणि म्हैसूर इथं हे शिक्षण सुरू झालं. १९८३मध्ये वांद्र्याला राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आता तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाचंही ऐकणं तपासता येतं, तेही न टोचता.

म्हणून आम्ही गटातल्या बाया सांगतो: वाट पाहू नका, आधी कान तपासून घ्या.