शेवटचे चार आकडे

३ ऑगस्ट २०१२, शुक्रवार. सॅन फ्रान्सिस्को. ‘वायर्ड’ मासिकाचा पत्रकार मॅट होनान याचं ट्विटरवरचं नाव रोमन लिपीत फक्त तीन अक्षरांचं: मॅट. एवढं आखूड नाव मिळणं मुश्कील. एकोणीस वर्षांच्या एका पोराला ते हवंय. होनानशी त्याचं काही वैर नाही, फक्त नाव आवडलंय.

४:३३ च्या आधी

पोराने अजून एकही कुलूप फोडलेलं नाही. ट्विटरवरून होनानची वेबसाइट मिळाली, तिथे जीमेलचा पत्ता. तो पत्ता ‘पासवर्ड विसरलात?’च्या पानावर टाकला, तर गूगलने होनानच्या दुसऱ्या, अॅपलच्या ईमेलचं पहिलं नि शेवटचं अक्षर दाखवलं, मधे टिंबं. होनान सगळीकडे एकाच धाटणीचं नाव वापरायचा. टिंबं भरायला कितीसा वेळ? घरचा पत्ता वेबसाइटच्या नोंदणीत उघडाच होता.

अॅपलचं खातं उघडायला आता राहिले क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार आकडे. त्यासाठी त्याचा एक साथीदार अॅमेझॉनला फोन लावतो. मी होनान, खात्यात एक कार्ड जोडायचंय. नाव, ईमेल, पत्ता सांगितला की झालं. कार्डाचा नंबर बनावट. फोन ठेवून पुन्हा लावतो. आता म्हणे खातं उघडत नाही. ओळख पटवायला कार्डाचा नंबर विचारतात, तर तो मघाशी त्यानेच दिलेला! खात्याला नवा ईमेल जोडला जातो, त्यावर नवा पासवर्ड येतो, आणि आत होनानच्या खऱ्या कार्डांचे शेवटचे चार-चार आकडे ओळीने मांडलेले.

अॅमेझॉनच्या लेखी हे आकडे दाखवले तरी बिघडत नाही इतके किरकोळ. अॅपलच्या लेखी तेव्हा तोच माणसाच्या ओळखीचा पुरावा. आणि कार्डाने बिल भरल्यावर मिळणाऱ्या पावतीवरही हेच आकडे असतात. ती पावती आपण दुकानाच्या दारातच चुरगाळून टाकतो.

४:३३

अॅपलच्या मदत केंद्राला फोन जातो. होनानने ठरवून ठेवलेल्या गुप्त प्रश्नांची उत्तरं पलीकडच्याला येत नाहीत. हरकत नाही. घरचा पत्ता आणि चार आकडे सांगा, तात्पुरता पासवर्ड घ्या.

४:५०

पासवर्ड बदलल्याची मेल होनानच्या अॅपलच्या पेटीत येते. तो ती पेटी फारशी उघडत नाही.

४:५२

जीमेलचा पासवर्ड बदलायची चिठ्ठी त्याच पेटीत येते. दोन मिनिटांत जीमेलही गेलं.

५:००

आयफोन बंद पडतो. कुणाचा तरी फोन यायचाय म्हणून होनान तो चार्जिंगला लावतो, तर समोर कोऱ्या फोनवरचं स्वागताचं पान. वैताग येतो, भीती नाही; रोज रात्री बॅकअप होतोच.

५:०१ आयपॅड पुसला गेला. ५:०२ ट्विटरचा पासवर्ड बदलला. पोराला हवं होतं ते मिळालं. पण मालक परत येऊ नये म्हणून मागचे पूलही तोडायचे.

५:०५

बॅकअप उतरवायला होनान फोन लॅपटॉपला जोडतो. जीमेलची माहिती चुकीची असल्याचा निरोप झळकतो, पडदा करडा होतो आणि चार आकडी पिन मागतो.

त्याने असा पिन कधी ठेवलेलाच नव्हता.

आत डिस्क पुसली जात होती. लॅपटॉप चोरीला गेला तर लांबून पुसता यावा म्हणून दिलेली सोय आता चोराच्या हातात होती. मुलीच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते, दुसरी प्रत कुठेच नाही. (पुढे १,६९० डॉलर मोजल्यावर त्यातले बरेच परत मिळाले.) याच सुमारास त्याचं अख्खं गूगल खातंही उडवलं गेलं.

५:१०

बायकोच्या फोनवरून होनान अॅपलला फोन लावतो. दोनच मिनिटांत ट्विटरवर, त्याच्याच नावाने, चोरांची फुशारकी.

हा फोन दीड तास चालला. होनानला गुप्त प्रश्नांची उत्तरं देता येईनात, कारण प्रश्न भलत्याच माणसाचे होते. पलीकडच्याने आडनाव चुकीचं ऐकलं होतं आणि तो कुणा हर्मनचं खातं उघडून बसला होता. हे उमगायच्या आधी, उत्तरं येत नाहीत म्हणून, होनानलाही दुसरा मार्ग सुचवला गेला: घरचा पत्ता सांगा आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. त्याने दोन्ही बरोबर सांगितले. जुळले नाहीत.